सुकाणूचा णू

४ फेब्रुवारी

आज जेवता जेवता हिने जाहीर केलं, की जुन्या मालकाची नोकरी सोडली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवली, आता स्वतःची शाळा काढणार. गाडीसुद्धा घेऊन झाली आहे. सेकंडहँड, पांढरी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा ब्रेक बसवलेली. शाळेचं नाव ठरलंय, 'सुकाणू'. लेकीला हे सगळं आधीच माहीत होतं, तिच्या तोंडावरूनच कळत होतं. मला आज कळलं. असो.

मग ही म्हणाली, "अहो, एक साधं पत्रक करून द्याल का? नाव, फोन नंबर आणि वेळा. बस."

साधं पत्रक! फर्निचर कंपनीचा कॅटलॉग ज्याने एवढी वर्षं सजवला, त्याला साधं पत्रक! कंपनीने ते काम आता कुठल्याशा यंत्राला दिलं आणि मला घरी बसवलं, म्हणून माझा हात काही मोडलेला नाही. मी म्हटलं, "पत्रक नाही, पोस्टर करतो. लोक चालता चालता थांबले पाहिजेत."

बाजारातल्या बुटांच्या दुकानावर एक जाहिरात मी बरेच दिवस बघतोय. धावणारा माणूस पुढे आणि भलीमोठी अक्षरं त्याच्या मागे. डोकं अक्षरांच्या पुढे आल्यामुळे चपटा कागद एकदम खोल दिसतो, जणू माणूस आता रस्त्यावर उतरेल. तसं करायचं. ही गाडीला टेकून उभी आणि 'सुकाणू' तिच्या डोक्यामागे.

लेक म्हणाली, "खोल झाला तरी नंबर वाचता येईल ना, बाबा?"

आजकालच्या मुलांना दृष्टीच नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

फोटो काढले. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली, हिला बॉनेटला टेकवलं, निळा शर्ट घालायला लावला. ही सारखी घड्याळ बघत होती. "हसू नकोस, जरा दूर बघ," म्हटलं तर म्हणाली, "दूर काय बघू, आरसा बघून मागचं बघायला शिकवते मी." लेक खो खो हसली आणि नेमका वारा आला. त्याच क्षणी मी बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आलाय. सगळे केस उडालेत, हिचे ते कुरळे, कुणाचंही न ऐकणारे केस, आणि चेहऱ्यावर हसू येऊ की नको असं काहीतरी. हाच घ्यायचा. ही म्हणाली, "त्यात माझा अवतार झालाय, दुसरा घ्या." नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी

कामाला लागलो. करायचं तसं सोपं आहे, निदान व्हिडिओतला पोरगा तरी तसंच म्हणतो. एकाच फोटोच्या दोन प्रती एकावर एक ठेवायच्या. मधे अक्षरं सरकवायची. मग वरच्या प्रतीतला माणूस सोडून बाकी सगळं झाकून टाकायचं, म्हणजे खालची अक्षरं दिसू लागतात, आणि माणूस मात्र त्यांच्या पुढेच राहतो. पोरग्याने दोन मिनिटांत करून दाखवलं. त्याच्या फोटोतल्या माणसाचं डोकं तुळतुळीत होतं.

मी आयुष्यभर खुर्च्या, कपाटं आणि टेबलं कापून काढली. कडा सरळ, पाय चार, काम चोख. खुर्चीला केस नसतात.

दिवसभर बसून डाव्या कानापर्यंत आलोय.

८ फेब्रुवारी

संध्याकाळी डोकं उठलं. त्याचं कारण केस नाहीत, ही.

मी एक बट पकडली होती, अगदी बारीक, कपाळावरून वर जाऊन वळणारी. स्क्रीनवर फोटो इतका मोठा केला होता, की बट दोरखंडाएवढी दिसत होती. तेवढ्यात ही आली आणि म्हणाली, "अहो, माझ्या बाजूचा ब्रेक जरा खोल जातोय, पाय पार खाली टेकतो. गॅरेजवाल्याला दाखवून आणाल? मी शाळेच्या खटपटीत दिवसभर बाहेर असते, तुम्ही घरीच असता."

घरीच असता!

मी मान हलवली, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. घरी असणं आणि रिकामं असणं यात फरक आहे. मी काय पाय पसरून बसलोय? मी हिचंच काम करतोय. एवढं सगळं मी तिला बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. त्या भानगडीत ती बट हातची गेली.

११ फेब्रुवारी

केस कापले की भोवती पांढरी कड राहते. मूळ फोटोत मागे आभाळ होतं, त्याचा उजेड प्रत्येक केसाला चिकटलाय. अक्षरं गडद लाल ठेवली की हिच्या डोक्याभोवती दूध उतू गेल्यासारखं दिसतं. कड खरवडावी तर केसच जातात आणि डोक्यावर टोप घातल्यासारखं होतं. मधलं काही नाहीच. या प्रोग्रॅमला 'जरासं' हा शब्द कळत नाही.

दुपारी कॉम्प्युटर गोठला. सकाळपासूनचं सगळं गेलं. मी टेबलावर हात आपटला तर शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. त्यांनाही मी घरी असतो हे माहीत झालंय.

१४ फेब्रुवारी

लेकीने आज उपकार केले. कॉलेजातून आली, माझ्या मागे उभी राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे फोनवर एका बटणात होतं."

"दाखव."

तिने दाखवलं. खरंच झालं. पापणी लवायच्या आत अक्षरं मागे आणि आई पुढे. मला एकदम कंपनीतला तो दिवस आठवला. साहेबांनी नवं यंत्र दाखवलं होतं, तेव्हाही असंच झटक्यात झालं होतं. मग मी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"कान कुठाय?"

"कुठला कान?"

"तुझ्या आईचा उजवा कान! खाल्ला त्याने! आणि ही बट बघ, अर्ध्यातच तोडलीय."

"बाबा, कान बघून कुणी गाडी शिकायला येतं का?"

मला इतका आनंद झाला, की मी तिला चहा करून दिला. चहा पिताना ती म्हणाली, "आईला रविवारी सुरू करायचंय. जुन्या मालकाने तिच्याकडे येणार असलेल्या दोघी बायकांना फोन करून सवलत दिली, त्या परत गेल्या. ती बोलत नाही, पण तिला टेन्शन आलंय." मी म्हटलं, म्हणूनच तर पोस्टर चांगलं हवं. यावर ती कप घेऊन आत गेली. पटलं असणार.

१६ फेब्रुवारी

आज उजवा कान पुरा झाला. कानाच्या पाळीमागून तीन केस बाहेर येतात, तेही सोडवले. ही बाहेरून आल्यावर दारातूनच काहीतरी विचारून गेली, मी हं म्हटलं. नंतर जेवायला बोलावलं तेव्हाही हं म्हटलं, आणि गेलोच नाही. ताट झाकून ठेवलेलं होतं.

मानेचे केस उरलेत.

१८ फेब्रुवारी

उद्या शाळा सुरू. हिला शब्द दिला होता. दुपारी पोस्टर जवळजवळ झालं होतं आणि मग माझ्या लक्षात आलं, की हिचं डोकं बरोबर 'का' वर आलंय. म्हणजे 'सु', मग बायको, मग 'णू'. सुणू! व्हिडिओतल्या पोरग्याला काय, त्याचं अक्षर अर्धं झाकलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे वेलांटी गेली, उकार गेला, की शब्दच दुसरा. सगळा शब्द डावीकडे सरकवायला हवा. सरकवला तर सावल्या चुकतात. सावल्या केल्या तर पुन्हा मानेशी पांढरी कड.

ही येऊन खुर्चीमागे उभी राहिली. "झालं?"

"उद्या सकाळपर्यंत."

"राहू दे. नाही झालं तरी चालेल."

चालेल कसं? हिला वाटतं, माझ्याच्याने होणार नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

झालं नाही.

लेकीने मार्करने पुठ्ठ्यावर 'सुकाणू, बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल' लिहिलं, खाली नंबर, आणि तो पुठ्ठा गाडीच्या मागच्या काचेला चिकटवून दोघी गेल्या. अक्षर वाकडंतिकडं. पहिल्याच दिवशी चौघी आल्या म्हणे. त्यात एक निवृत्त नर्स आहे, सगळे तिला सिस्टर म्हणतात. नवऱ्याची गाडी तो गेल्यापासून दारात उभी आहे, ती तिला स्वतः चालवायची आहे. ही सांगत होती तेव्हा हिचा चेहरा असा काही फुलला होता, की मला वाटलं, हाच फोटो काढायला हवा होता. पण आता परत पहिल्यापासून कोण करणार!

पुठ्ठ्याने चौघी आल्या, तर पोस्टरने किती येतील?

२२ फेब्रुवारी

जमलं!

जमलं, जमलं, जमलं. शब्द डावीकडे घेतला. 'सु' मोकळा, त्याचा उकारही दिसतो, 'का' मोकळा, आणि हिचं डोकं सरळ 'णू' च्या पुढे. केस जिथे विरळ आहेत तिथून लाल रंग झिरपतो, इतका खरा, की मी स्क्रीनला बोट लावून पाहिलं. 'णू' चा उकार मात्र कानाखालून जरासा डोकावतो, डूल घातल्यासारखा. हे मुद्दाम केलेलं नाही, आपोआप झालं. चांगल्या कामात अशा गोष्टी आपोआप होतात. खाली टपोऱ्या अक्षरांत 'ड्रायव्हिंग स्कूल' आणि नंबर.

हिला दाखवलं नाही. थेट फ्लेक्सवाल्याकडे दिलं. बाजाराच्या कोपऱ्यावर मोठी जागा मिळालीय. हिच्या एकदम समोर आलं पाहिजे. फ्लेक्सवाला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, असंच हवंय ना? नक्की?"

म्हटलं, "अगदी असंच." बिचाऱ्याने असं काम कधी पाहिलं नसेल.

२४ फेब्रुवारी

फ्लेक्स लागला. मी समोरच्या पायरीवर बसून तासभर लोकांकडे बघत होतो. लोक थांबतात! एक जोडपं थांबलं, बोट दाखवून हसलं. प्रसन्न वाटलं असणार. वाऱ्याने फ्लेक्स हलला की हिचे केस खरेच उडाल्यासारखे दिसतात. कितीतरी दिवसांनी मी सरळ चालत घरी आलो.

हिला सांगितलं, उद्या येताना कोपऱ्यावरून ये.

२५ फेब्रुवारी

लिहायचीसुद्धा इच्छा नाही, पण लिहिलं नाही तर हे डोक्यात घुमत राहील.

सकाळी पहिला फोन आला, मीच उचलला. बाईने विचारलं, "कोट किती दिवसांत मिळेल?" म्हटलं, कसला कोट? "तुमचं ड्रायक्लीनिंगच ना? सुका ड्रायव्हिंग, असं काहीतरी लिहिलंय." राँग नंबर म्हणून ठेवला. मग एक पुरुष खीखी करत, "सुक्यात शिकवता तर ओल्यात कोण शिकवतं?" मग आणखी एक. चौथ्या फोनला मी चप्पल घालून कोपऱ्यावर गेलो.

सुका ड्रायव्हिंग स्कूल.

ढळढळीत. पायऱ्यांवरून, रस्त्यावरून, कुठूनही बघा. सुका. 'णू' हिच्या डोक्यामागे गडप आणि तो डुलासारखा उकार म्हणजे कुणीतरी लाल पेनने रेघ ओढल्यासारखा. मला हे दिसलं कसं नाही? मी तो शब्द इतके दिवस वाचतच नव्हतो, तो मला पाठ होता. मी फक्त केस बघत होतो.

ही संध्याकाळी आली ती पर्स खुर्चीवर फेकून. आमच्या घरात कुणी काही फेकत नाही.

"मला आधी दाखवलं का नाही?"

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"बसला. जुन्या मालकाने मुद्दाम फोन केला होता. म्हणे, वहिनी, सुकं झालं असेल तर परत या."

मी म्हटलं, दोन दिवसांत दुरुस्त करतो, फक्त डोकं थोडं उजवीकडे घ्यायचं.

"अहो, काढून टाका ते. मला पत्रक हवं होतं. पत्रक! तुम्ही महिनाभर माझ्या केसांकडे बघताय. माझ्याकडे एकदा तरी पाहिलंत?"

हे काय बोलणं झालं? केस हिचे नाहीत, तर कुणाचे आहेत? मी महिनाभर दुसरं बघतोय काय? लेक मधे पडली आणि मलाच म्हणाली, "बाबा, तुम्ही आता बोलू नका." म्हणजे दोन विरुद्ध एक.

२७ फेब्रुवारी

अपघात झालाय. हिचा हात मोडला. बाकी सगळे ठीक आहेत. हॉस्पिटलला परत जातोय.

२८ फेब्रुवारी

जसं कळलं तसं लिहितो.

सिस्टर चालवत होत्या. बागेजवळचं वळण, वेग काहीच नाही. समोर कुत्रं आलं, सिस्टरांनी घाबरून ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. अशा वेळेसाठीच हिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. हिने तो दाबला, तर पाय खालपर्यंत गेला आणि गाडी थांबलीच नाही. मग हिने एका हाताने स्टिअरिंग ओढलं, दुसरा हात समोर टेकवला आणि गाडी बागेच्या भिंतीवर गेली. मनगटाचं हाड मोडलं. उजवा हात. कुत्र्याला काही झालं नाही.

काल मी पोचलो तेव्हा सिस्टर बाकावर बसून रडत होत्या. जन्मभर दुसऱ्यांना धीर दिलेली बाई, पण त्यांना धीर द्यायला तिथे कुणी नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "माझी चूक. सगळी माझी चूक." मी त्यांना पाणी दिलं. 

ही आत पडली होती. हाताला प्लास्टर ओलंच होतं. मला वाटलं ओरडेल. मी ओरडा खायच्या तयारीनेच गेलो होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "मी विचारलं होतं, गाडी दाखवलीत का? तुम्ही हं म्हणालात."

बस. एवढंच बोलली. मग डोळे मिटले.

घरी येऊन ही वही मागे उलटून वाचली. आहे. माझ्याच अक्षरात आहे. काहीतरी विचारून गेली, मी हं म्हटलं.

१ मार्च

गॅरेजमध्ये दिवस गेला. मेकॅनिकने गाडी उचलून दाखवलं. शेजारच्या ब्रेकची तार सैल पडून जवळजवळ निसटलेली. "आधी आणली असती तर चहा संपायच्या आत झालं असतं," म्हणाला. त्याला काय माहीत. त्याचा राग आला, मग माझाच आला, मग परत त्याचा, कारण तो शिट्टी वाजवत काम करत होता.

गाडीचं नाक चेपलंय. ते ठोकून घेतलं, रंग नंतर. ब्रेक मी स्वतः बसून दाबून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आता मोडाल." तरी एकदा दाबला.

येताना फ्लेक्स उतरवून आणला. गुंडाळी करून पलंगाखाली सारली. ती आत जात नाही, एक टोक बाहेर राहतं आणि अडखळायला होतं.

३ मार्च

सकाळी ही आरशासमोर डाव्या हाताने फणी घेऊन झगडत होती. लेक कॉलेजला गेलेली. मी म्हटलं, "दे, मी करतो."

"तुम्हाला जमणार नाही."

"या केसांची मला जेवढी माहिती आहे, तेवढी जगात कुणाला नाही."

काही माहिती नव्हती. फणी घातली ती तिथेच अडकली. ओढली तर ही किंचाळली. हलक्या हाताने धरली तर वरच्या वर घसरते, खाली गाठी तशाच. ही म्हणाली, "खालून सुरू करा. टोकापासून. आधी टोकं सोडवायची, मग वर." लग्नाला एवढी वर्षं झाली, मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मागच्या बाजूला मानेजवळ बरेच केस पांढरे झालेत. फोटोत ते दिसत नव्हते, फोटो समोरून होता.

वेणी घातली. सुटली. परत घातली. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "राहू दे, बांधा नुसते रबराने."

मी म्हटलं, "त्या दिवशी हं म्हणायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. "रबर घट्ट लावा."

मला वाटलं होतं, यानंतर काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. चहा केला, तो उकळून सांडला, ओटा पुसला.

४ मार्च

आज पत्रक केलं. नाव, फोन नंबर आणि वेळा. पांढऱ्यावर काळं, फोटो नाही. दहा मिनिटं लागली. ही गोष्ट मला कुणालाही सांगायची नाही. हिला दाखवलं. तिने 'सुकाणू' तल्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "आता शाळाच कुठे आहे?"

खरंच आहे. प्लास्टर दीड महिना. एक हात अडकलेला असताना शेजारी बसून कुणाला गाडी चालवायला देता येत नाही, अडीअडचणीला स्टिअरिंग धरायला हात हवा. चौघींपैकी एकीने कालच विचारलं, की दुसरीकडे जाऊ का. ही म्हणाली, जा. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभी होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. 

५ मार्च, रविवार

सिस्टर घरी आल्या. फुलं वगैरे नाही, डबाभर औषधं आणि सूज कशी बघायची याच्या सूचना. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "मी परत कधी येऊ?"

ही म्हणाली, "सिस्टर, हाताला वेळ लागेल."

"हाताचं मला सांगू नका. तोंड तर चालतंय ना तुमचं? मला अजून समजत नाही, माणूस पायाकडे न बघता ब्रेक कसा ओळखतो. तुम्ही कुणालातरी चालवायला बसवा आणि मला मागे बसवून समजावून सांगा. भीती मोडू दे आधी."

"चालवायला कुणाला बसवू?" ही म्हणाली.

 मग लेक माझ्याकडे बघायला लागली. मग सिस्टर. सगळ्यात शेवटी ही.

मी म्हटलं, "मला फ्लेक्सवाल्याकडे जायचंय."

"कशाला?" तिघी एकदम म्हणाल्या.

७ मार्च

आज पहिला तास झाला. सकाळी सात वाजता, मोठ्या मैदानाशेजारच्या रिकाम्या रस्त्यावर. मी स्टिअरिंगवर. शेजारी ही, प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, पाय स्वतःच्या ब्रेकवर. मागे सिस्टर आणि उरलेल्या दोघी, दाटीवाटीने.

मी गेली कित्येक वर्षं गाडी चालवतोय. कंपनीची व्हॅनसुद्धा चालवली आहे. आत्मविश्वासाने किल्ली फिरवली.

"थांबा," ही म्हणाली. मागे वळली. "बघितलंत? आमच्या ह्यांनी आरसा पाहिला नाही. सीट पाहिली नाही. सरळ किल्ली. असं करायचं नाही."

मागून तिघींनी "हं" केलं.

निघालो. "आता बघा, डावा पाय. क्लचवर ठेवूनच बसलेत. कशासाठी? कुणालाच माहीत नाही, ह्यांनाही नाही. क्लच झिजतो." वळणावर, "एका हाताने स्टिअरिंग, दुसरा हात खिडकीत. ऐट." गिअर बदलताना आवाज झाला तर हिने फक्त मागे वळून भुवया उंचावल्या, आणि तिघी हसायला लागल्या. सिस्टर सगळ्यात मोठ्याने. त्या दिवशी बाकावर रडत होती ती हीच बाई का, असा मला प्रश्न पडला.

माझे कान तापले. मी म्हटलं, "मला एवढी वर्षं कुणी काही बोललं नाही."

"मी शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे," ही म्हणाली.

मग अचानक हिने आपला ब्रेक दाबला. पूर्ण. गाडी जागच्या जागी थांबली, सगळे पुढे झुकले. ही म्हणाली, "सिस्टर, हा असा लागतो. आता लागतो."  सिस्टरांनी पुढे हात करून हिचा खांदा दाबला. मी समोर बघत राहिलो. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, काच धुवायला झाली आहे.

तास संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, आणखी दोन मैत्रिणींना घेऊन येते, त्यांनाही हे बघायला आवडेल. 'हे' म्हणजे मी.  वाटेत क्लचवर पाय जातोय का याकडे लक्ष ठेवता ठेवता दोनदा गाडी बंद पडली. ही खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते.

जिन्यात मी म्हटलं, "उद्या मी आधी घरी सराव करून येतो. सगळं बिनचूक करून दाखवतो."

"नको," ही म्हणाली. "मग मी शिकवू काय? आणि मुद्दाम चुका करू नका हं. आपोआप होतात तेवढ्या पुरेत."

उद्या साडेसहाला निघायचंय.